साहेबराव ओव्हाळांची जीभ

साहेबराव ओव्हाळ मिरची खात नसत. गुंजवणी नदीच्या खोऱ्यातल्या मार्गासनीत जन्मलेल्या माणसाबद्दल असं सांगितलं की ऐकणारा लगेच विचारतो, पोटाचं काही दुखणं होतं का? दुखणं काही नव्हतं. पोट उत्तम होतं, दात शाबूत होते आणि साठीला आल्यावरही ते वेल्ह्याच्या चढणीवर माझ्या पुढे चालत. तंबाखू नाही, विडी नाही, पान नाही, कच्चा कांदा नाही. चहा घेतलाच तर कोमट करून. हे सगळं त्यांनी जिभेसाठी सोडलं होतं, कारण त्यांचं पोट जिभेवर चालत असे. ते वाइनची पारख करत.

त्यांची माझी ओळख त्र्याहत्तर साली झाली. मी भोरचा. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन भोंगवलीजवळ आनंदरावांच्या कारखान्यात हिशेबाच्या कामावर लागलो होतो. आनंदरावांच्या विहिरींना पाणी चांगलं होतं. त्यांनी द्राक्षबागा लावल्या होत्या. दारूबंदी थोडी सैल झाल्यावर त्यांनी परवाना मिळवून घराच्या मागच्या शेडमध्ये वाइन करायला सुरुवात केली. तो कारखाना नऊ वर्षं चालला आणि त्यातली आठ वर्षं त्याची चव साहेबरावांच्या हाती होती. पण ते काम त्यांना सहज मिळालं नाही. ते कसं मिळालं तेच मला सांगायचं आहे.

त्याआधी ते ही विद्या शिकले कुठे ते सांगायला हवं. महायुद्धाच्या काळात तरुण साहेबराव मुंबईला गेले आणि बेलार्ड पियरच्या एका गोडाऊनमध्ये हमाल म्हणून लागले. एक परदेशी पेढी तिथे युरोपातून आलेली वाइन ठेवत असे, आणि मोठी हॉटेलं, वकिलाती, बोटी तिथून माल नेत. मालाची चव पाहायला गोव्याचा एक म्हातारा ख्रिस्ती होता. सगळे त्याला पात्रांव, म्हणजे मालक, म्हणत. एकदा पात्रांवने बाटली उघडली आणि खोका घेऊन बाजूने जाणारे साहेबराव सहज बोलून गेले, "ह्याला वल्या गोनपाटाचा वास येतोय." बूच खराब झालेल्या वाइनला तसाच वास येतो. पात्रांवने खोका खाली ठेवायला लावला आणि त्यांना खुर्चीवर बसवलं.

पुढची वीस वर्षं साहेबराव त्या खुर्चीशेजारी होते. तोंडात घ्यायचं, घोळवायचं आणि पितळी पिकदाणीत थुंकायचं. गिळायचं नाही. पात्रांव स्वतः संध्याकाळी गिळत असे. साहेबरावांनी गिळलं नाही. ते म्हणायचे, "गिळलं की ती वाइन आपली हुती. आपल्या मालाची पारख कुनाला जमलीया?"

पात्रांवला पोर्तुगीज आणि कोंकणी येई, साहेबरावांना मार्गासनीची मराठी. त्यामुळे युरोपातल्या सगळ्या चवी साहेबरावांनी गुंजवणीच्या खोऱ्यातल्या वस्तूंनी ओळखल्या. त्यांना सगळ्यात आवडत त्या समुद्रकाठच्या थंड मळ्यांतल्या वाइन. मला त्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं. "तितला समुद्र गार असतो, आपल्यासारका कोमट न्हाई. सकाळी मळ्यावर धुकं बसतं ते दुपारपातुर हालत न्हाई. द्राक्ष सावकाश पिकतं. आंबटपना जात न्हाई, वास उडत न्हाई. आपल्या डोंगरातलं करवंद आन् हितं माळावरचं करवंद खाऊन बघा. माळावरचं आदी पिकतं, गोड बी लागतं, पर त्यात गोडाशिवाय काय ऱ्हात न्हाई."

पासष्टच्या सुमारास परदेशी माल येणं जवळजवळ थांबलं आणि पेढीनं गाशा गुंडाळला. साहेबराव बायको गीताबाईंना घेऊन मार्गासनीला परतले. तोवर त्यांचं घर बौद्ध झालेलं होतं, भावाची थोडी भातशेती होती, खायला कमी नव्हतं. कमी होतं ते काम. ज्या माणसाला वाइन चाखता येते त्याची मार्गासनीत काय गरज?

गावानं त्यांची गरज आपल्या परीने शोधली. दादू नावाचा त्यांचा एक शेजारी ओढ्याकाठी हातभट्टी लावायचा. तो एकदा बाटली घेऊन अंगणात आला.

"दादा, मुंबईला सायबांची बघत व्हता. आता गरिबाची बघा की."

साहेबरावांनी हुंगली, तोंडात घेतली आणि भिंतीच्या कडेला थुंकली. "गूळ बुरसटलेला हाय. नवसागर जास्त पडलाय. आन् डबा राकेलचा व्हता, नीट धुतला न्हाईस."

"डबा राकेलचा व्हता हे तुमाला कळलं?"

"तुला कळलं न्हाई ह्येचं नवल वाटतंय मला."

दादूनं ही गोष्ट सगळ्या खोऱ्यात केली. मग एसटीत, बाजारात, लग्नाच्या मांडवात लोक त्यांना बघून म्हणू लागले, बाकीचे पिऊन पडत्यात, ह्ये थुकून उभे ऱ्हात्यात. साहेबराव हसत. गीताबाईंना मात्र वेगळाच त्रास होता. त्या म्हणायच्या, "ह्यांच्यासाटी रांधायचं म्हंजी दवाखान्यात रांधल्यासारकं. आता काम न्हाई, धाम न्हाई, तर खावा की मिरची." साहेबराव खात नसत. आठ वर्षं काम नसताना त्यांनी जीभ सांभाळली.

कारखान्याची बातमी त्यांना मेव्हण्याकडून कळली. गीताबाईंचं माहेर भोंगवलीचं. त्यांचा भाऊ कोंडिबा आमच्या शेडमध्ये पिंपं धुण्याच्या कामावर होता. आमची पहिली वाइन मुंबईच्या एका हॉटेलनं नमुना पाहून परत पाठवली होती, हेही कोंडिबानंच त्यांना सांगितलं. एका सकाळी साहेबराव पांढरा सदरा घालून आनंदरावांच्या समोर उभे राहिले. मी टेबलाशी होतो.

"काय काम येतं?" आनंदरावांनी विचारलं.

"चव बगायचं."

"ते आमच्याकडं सगळ्यांनाच येतं."

"मग मुंबईनं माल माघारी का धाडला?"

आनंदराव तापट नव्हते, पण त्यांना असं उत्तर ऐकायची सवय नव्हती. त्यांनी साहेबरावांना नीट पाहून घेतलं आणि बसायला सांगितलं. मग म्हणाले, "त्या हॉटेलचे खरेदी अधिकारी पुढच्या महिन्यात येणार आहेत. पुन्हा एकदा बघतो म्हणालेत. त्यांच्याकडच्या परदेशी बाटल्या मी आणायला लावतो, कागदात गुंडाळून. त्यातच आपली एक. त्यांच्यासमोर पारख करून दाखवा. त्यांनी मान डोलावली तर नोकरी तुमची."

"आन् न्हाई डोलावली तर?"

"तर तुम्ही तुमच्या गावाला, आम्ही आमच्या."

"चालंल," साहेबराव म्हणाले.

त्यांना रस्त्याच्या कामावर मुकादमी मिळत होती, तीही बरी होती. मी एसटीच्या थांब्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा विचारलं, एवढ्या लांब रोज येणं कसं जमेल? ते म्हणाले, "हितंच ऱ्हाईन, सासुरवाडी हाय. हिशेबनीस, हात म्हातारे झाले तरी काम करत्यात. जीभ म्हातारी झाली की बंद. आजून पाच वर्सांनी कुनी बोलवलं तर मी यायचा न्हाई. यायचं तर आत्ताच."

ठरलेल्या दिवसाआधी दोन दिवस ते कोंडिबाकडे येऊन राहिले. पारख सकाळी दहाला होती. ती वेळ त्यांनीच मागून घेतली होती, कारण सकाळी जीभ ताजी असते. आदल्या दिवसापासून ते तांदळाची पेज आणि दूधभाकरीवर होते. नऊलाच ते शेडमध्ये आले, टेबलावर पांढरं धुतलेलं धोतर अंथरलं, पेले कोमट पाण्यानं स्वतः धुतले आणि बाहेर भिंतीला टेकून वाट पाहत बसले.

दहा वाजले, अकरा वाजले. खरेदी अधिकाऱ्यांची जीप कात्रजच्या घाटात बंद पडली होती. जीप तिथेच मिस्त्रीच्या ताब्यात देऊन ते एका मालट्रकमधून, मांडीवर बाटल्यांची पेटी घेऊन, दुपारी एकला पोचले. चष्मा लावणारे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. धुळीनं भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. अशा पाहुण्याला हात धुवून थेट शेडमध्ये नेणं आनंदरावांच्या घरात शक्यच नव्हतं. आधी जेवण. घरात सकाळपासून मटण शिजत होतं.

साहेबराव मला म्हणाले, "त्येंना जेवून घिऊ द्या. मी हाय हितं."

त्या घराची रीत इथे सांगायला हवी. ओसरीपर्यंत सगळे येत. बौद्धवाड्यातली माणसं तिथवरच. ओसरीवर त्यांना भाकरी मिळे, आदरानं विचारपूसही होई, पण त्या उंबऱ्याच्या आत त्यांच्यापैकी कुणाला जेवायला बसवलेलं मी पाहिलं नव्हतं. आनंदरावांची या गोष्टीला हरकत नव्हती, पण घरातलं सगळं त्यांच्या आईच्या, भामाबाईंच्या शब्दावर चाले, आणि त्यांच्यासमोर हा विषय कुणी काढला नव्हता.

पानं मांडली जात होती. भामाबाई परसातून आल्या तेव्हा त्यांना शेडच्या भिंतीपाशी बसलेले साहेबराव दिसले.

"कोन ते?" त्यांनी सखूबाईला विचारलं. सखूबाई त्यांच्याकडे स्वयंपाकाला होती.

"गीताचा मालक. मार्गासनीचा. चव बघायला आलेत ते."

"गीता म्हंजी आपल्या फुलाची लेक?"

फुलाबाई, म्हणजे साहेबरावांच्या सासूबाई, या घराच्या शेतावर आयुष्यभर राबल्या होत्या. सखूबाईनं हो म्हटलं. भामाबाई शेडच्या दिशेनं चालत गेल्या. मी दारात होतो, मला सगळं ऐकू आलं.

"गावचा जावई भिताडाला टेकून बसतो व्हय? उठा जावईबापू. पानावर चला."

साहेबराव उठले, पण जागचे हलले नाहीत. "मी थांबतो की हितं, मामी."

"गावचा जावई उपाशी, आन् आमी आत पानावर? लोक काय म्हनतील मला? चला."

ते आत गेले. माझ्या शेजारचं पान त्यांना दिलं. बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याचा लालभडक रस्सा, ठेचा, आंबेमोहोर भात. मला त्यांचं पथ्य माहीत होतं. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. भामाबाई समोर उभ्या होत्या आणि स्वतः वाढत होत्या. साहेबरावांनी भाकरी चुरली, रस्सा ओतून घेतला आणि जेवू लागले. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं आणि दुसरा घास घेतला. भामाबाईंनी पुन्हा रस्सा विचारला तेव्हा त्यांनी वाटी पुढे केली.

मी हळूच म्हणालो, "साहेबराव, पारख आहे."

"ठावं हाय," ते म्हणाले.

जेवणानंतर आम्ही शेडमध्ये आलो. खरेदी अधिकाऱ्यांनी आमच्याकडे पाठ करून सहा पेल्यांत वाइन ओतली आणि बाटल्या परत कागदात गुंडाळल्या. साहेबरावांनी बराच वेळ चुळा भरल्या. मग पहिला पेला उचलला, पांढऱ्या कपड्यावर धरून रंग पाहिला, हुंगला, तोंडात घेतला, थुंकला. पुन्हा चूळ भरली, पुन्हा घेतला, पुन्हा थुंकला. मग पेला जागेवर ठेवला.

"साहेब, माझी जीभ आज कामाची न्हाई. मला ह्यात फकस्त रस्सा लागतोय."

खरेदी अधिकाऱ्यांना थट्टा वाटली. ते म्हणाले, "अहो, सहाच तर आहेत. अंदाजानं सांगितलंत तरी दोन-तीन बरोबर येतील."

"अंदाज तुमी बी करू शकता. त्येच्यासाटी मी कशाला पायजे?"

आनंदरावांचा चेहरा उतरला. "साहेबराव, मग जेवलात कशाला? पाहुण्यांना काय मी रोज रोज मुंबईहून आणू? सकाळपासून सांगायला तोंड नव्हतं का?"

नोकरी त्यांच्या समोरून चालली होती, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं, त्यांनाही. मला बोलावंसं वाटलं, पण माझ्याआधी दारातून आवाज आला. भामाबाई सुपारी घेऊन आल्या होत्या.

"म्या वाढलं म्हून जेवले ते. जावईबापू, तिखट चालत न्हाई तुमाला?"

"कामाच्या आदल्या दिसापास्नं न्हाई. एरवी बी न्हाई."

"मग पानावर बोलला का न्हाई? मुका जावई हाय का गावाचा?"

"तुमी पयल्यांदा हाक मारली, मामी. पयल्याच हाकेला तुमच्या हातचं नगं म्हनू?"

भामाबाईंनी सुपारीचं तबक टेबलावर ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "रस्सा तरी कसा झालता?"

"झ्याक. तवाच तर जीभ गेली."

खरेदी अधिकारी पहिल्यांदा मोकळेपणानं हसले. भामाबाई त्यांच्याकडे वळल्या. "सायेब, ह्यात चूक माझी. तुमची गाडी घाटात पडलीया, ती काय आज उठत न्हाई. तुमी भोरला ऱ्हावा आन् सकाळी या. माझ्या घरात कुनाचं काम बिगाडलं आसं मला नगं."

जीप खरंच दुसऱ्या दिवसाशिवाय मिळणार नव्हती. ते थांबले. मी त्यांना भोरजवळच, भाटघर धरणाच्या बाजूच्या सरकारी बंगल्यावर पोचवलं. वाटेत त्यांनी विचारलं, "हा माणूस एरवी खरंच मिरची खात नाही?"

"पंचवीस-तीस वर्षं खाल्ली नव्हती," मी म्हणालो. "आज खाल्ली."



परतताना मी कोंडिबाच्या घरी डोकावलो. साहेबराव अंगणात बसून सुकी भाकरी चावत होते, जीभ साफ व्हावी म्हणून. सखूबाई नुकतीच दहीभात देऊन गेली होती. मिरचीचा हात न लागलेल्या पातेल्यात भामाबाईंनी तो स्वतः केला होता, असा निरोपही होता. मी विचारलं, उद्या जमेल ना?

"जमंल. रात्रीत जीभ माघारी येती."

"आणि पाहुणे थांबले नसते तर?"

"गीताच्या आयनं त्या ओसरीवर उभं आयुष्य भाकरी घेतली, हिशेबनीस. आत कदी गेली न्हाई. आज तिच्या जावयाला पान वाडलं. मी नगं म्हनलो असतो तर म्हातारीनं पुना कुनाला बोलवलं असतं का?" मग हसून म्हणाले, "आन् खोटं कशाला बोला, मटान बी चांगलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच सगळे शेडमध्ये जमले. भामाबाईही खुर्ची घेऊन दाराशी बसल्या. साहेबराव आले ते सरळ टेबलाशी गेले.

पहिला पेला. "ऊन लई लागलंय हिला. काकवीच्या वासावानी. गरम मुलकाची."

दुसरा पेला त्यांनी हुंगला आणि त्यांचा चेहरा बदलला. खूप दिवसांनी गावाकडचं माणूस भेटावं तसा. तोंडात घेऊन ते किती तरी वेळ थांबले. "ही समुद्राची. पोर्तुगालची, वरच्या अंगाची. कोय कवळी असतानाची कैरी लागती तशी आंबट, आन् जिभेच्या कडेला मीठ. धुक्यातलं द्राक्ष हाय हे." मग आनंदरावांकडे वळून म्हणाले, "घ्या घोटभर. गिळू नका. कडेला बघा, खारट लागंल."

आनंदरावांनी घेतली. "आंबट लागते नुसती," ते म्हणाले.

"लागू द्या. धा-बारा वेळा घेतल्यावर मीठ लागतं."

तिसरा पेला त्यांनी हुंगला आणि खाली ठेवला, तोंडात घेतलाही नाही. "ही आपली. कोंडिबाच्या पिंपाची. शेडभर हाच वास हाय."

चौथ्याला वेळ लागला. दोनदा घेतला. "हीबी गार समुद्रकाठची," त्यांनी सांगितलं. पाचवीला ते म्हणाले, "ही फ्रान्सची, किनाऱ्याची. शाळंतल्या पाटीवर पानी टाकल्यावर वास येतो का न्हाई, तो ह्यात हाय." सहावी तांबडी होती. ती लाकडी पिंपात फार दिवस राहिली आहे आणि गरम मुलकाची आहे, एवढं सांगून त्यांनी पेला सरकवला.

खरेदी अधिकाऱ्यांनी कागद सोडले. सगळं जुळलं, चौथी सोडून. चौथी समुद्रापासून फार आत, उंच डोंगरातल्या मळ्याची होती.

साहेबरावांनी तो पेला पुन्हा उचलला. घेतला, थुंकला. "चुकलं. गारवा खरा हाय, समुद्र न्हाई. खारट लागलं ते खडकाचं."

खरेदी अधिकारी समजुतीनं म्हणाले, "कालच्या जेवणाचा थोडा परिणाम राहिला असेल."

"न्हाई, साहेब. रश्श्यावर घालू नका. जीभ साफ व्हती. मीच चुकलो."

दारातून भामाबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई. न्हाईतर जलमभर माझ्या रश्श्याचंच नाव निघालं असतं."

खरेदी अधिकारी हसले, पण त्यांचं अजून संपलेलं नव्हतं. त्यांनी तिसरा पेला, आमची वाइन, मध्ये ठेवला. "ही न चाखताच ओळखलीत. आता चाखून सांगा. मी ही हॉटेलात ठेवावी का?"

आनंदराव ताठ झाले. नोकरी देणारा माणूस समोर बसला होता आणि प्रश्न त्याच्याच मालाचा होता. साहेबरावांनी घेतली, घोळवली, थुंकली.

"वाईट न्हाई. स्वच्छ हाय, पिंपं चांगली धुतल्यात. पर द्राक्ष येलीवर लई दिस ठेवलं. गोडी वाडावी म्हून ठेवलं आसंल, आंबटपना निघून गेला. ह्या दोन किनाऱ्याच्या बाटल्यांशेजारी ठेवाल तर ही झोपलेली वाटंल. यंदा नगं. फुडच्या साली आठ-धा दिस आदी, सकाळच्या गारव्यात तोडा, मग ठेवा."

"आनंदराव, माझंही मत हेच आहे," खरेदी अधिकारी म्हणाले. "पुढच्या वर्षी नमुना पाठवा. यांनी पास केलेला असेल तरच पाठवा."

आनंदराव उठून शेडच्या टोकापर्यंत गेले, पिंपांवरून हात फिरवून परत आले. द्राक्ष वेलीवर जास्त ठेवायचा हुकूम त्यांचाच होता. कोंडिबा खाली मान घालून उभा होता. मला वाटलं, आता हे नाही म्हणणार.

"कधीपासून येता?" त्यांनी साहेबरावांना विचारलं.

"आजपास्नं. पर माझं एक म्हननं हाय."

"बोला."

साहेबरावांनी शेडच्या मागच्या खिडकीकडे बोट केलं. खिडकीच्या पलीकडे, हातभर अंतरावर, घरचं कांडपाचं उखळ होतं. वर्षाचा मसाला आणि सगळ्या वाड्यावस्तीची मिरची तिथेच कुटली जाई, आणि त्या दिवसांत शेडमध्ये शिंकांशिवाय दुसरं काही ऐकू येत नसे. "ते हितनं हलवा. ते हाय तवर मी काय, पात्रांव आला तरी त्येला चव कळायची न्हाई."

आनंदरावांनी आईकडे पाहिलं. ते उखळ भामाबाईंच्या सासूबाईंच्या वेळचं होतं.

"मिरची कुठं कांडायची मग?" भामाबाईंनी विचारलं.

"हिरीपाशी, वाऱ्याच्या खालच्या अंगाला," साहेबराव म्हणाले. "मामी, तुमच्या हातचं मी वर्सातनं एकदा खाईन. माल बाहेर पडला की दुसऱ्या दिशी. मिरचीसकट."

भामाबाईंनी थोडा विचार केला. मग पदर खोचून उठल्या आणि कोंडिबाला म्हणाल्या, "पहार आन. आन् चार गडी बोलव. दगूड जड हाय."

उखळ जमिनीत खोल गाडलेलं होतं. ते उपटायला दुपार झाली. खरेदी अधिकारी जीप आल्यावरही निघाले नाहीत. सदऱ्याच्या बाह्या दुमडून आनंदराव एका बाजूला पहारीवर होते, साहेबराव दुसऱ्या बाजूला, आणि भामाबाई विहिरीपाशी उभ्या राहून ते नेमकं कुठे बसवायचं ते सांगत होत्या.